भांगाची रुंदी

पुरुषाचं टक्कल जगजाहीर असतं. पोरं चिडवतात, मोठी माणसं ‘टक्कल म्हणजे पैसा’ अशी समजूत घालतात, आणि पुढे त्याचं कुणाला काही वाटेनासं होतं. बाईचे केस मात्र गुपचूप जातात. कपाळावरची रेघ बहुधा जागची हलत नाही, भांग तेवढा रुंदावतो. लुडविग नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने १९७७ साली या रुंदावण्याच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. आमच्या भजनी मंडळात मागच्या रांगेतल्या बायकांना त्या न शिकताच येतात.

दिवसाला ५० ते १०० केस गळायचेच, असं डॉक्टर म्हणतात. मोजायचे कुणी? आम्ही गुंतवळाची गोळी केवढी झाली ते बघतो आणि सुस्कारा सोडतो. थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं ठीक निघालं की उरतं ‘वयोमानाने’. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि त्याच सुमाराला हनुवटीवर दोन राठ केस हजर होतात. सरकारी खात्यातल्या बदल्यांसारखंच हे: गरज आहे तिथून उचलायचं, नको तिथे नेमायचं! मिनॉक्सिडिल तरी काय, मुळात रक्तदाबाची गोळी. ती खाऊन लोकांना भलतीकडे केस यायला लागले, म्हणून ते पुढे डोक्याला लावायला आलं.

फुकटचे सल्ले वेगळेच. माका, जास्वंद, ब्राह्मी इथवर ठीक. कांद्याच्या रसाने मात्र घरातल्यांना दिवसभर भज्यांची आशा लागून राहते.

सासूबाईंची पिढी जास्त व्यवहारी. गुंतवळ डब्यात साठवायचं, त्याचंच गंगावन करून घ्यायचं आणि अंबाड्यात खुपसायचं. गळलेले का होईना, केस स्वतःचेच! ते गंगावन खुंटीला लटकलेलं दिसलं की नवी सून किंचाळायची, बाकी कुणी अवाक्षर काढत नसे. हा बायकांचा अलिखित करार. एकमेकींच्या गुडघ्यांची, सुनांची, जावयांची चौकशी होते, भांगाची नाही.

पंचाईत होते ती हळदीकुंकवाला. गजरा हातात येतो, पण आकडा रुतायला केस तर हवेत? मी तो सरळ मनगटाला गुंडाळते.

“काकू, केसांत माळा ना,” यजमानीण म्हणते.

“अगं, तिथे माळला की वास मागच्यांना. इथे मला.”

परवा शेजारच्या वहिनींनीही हात पुढे केला.