पन्नास वर्षांचा पाइप

सोसायटी कुठलीही असो, मासे पाळणारे एक काका तिथे असतातच. त्यांच्याकडे मासे बघायला जाऊ नये. माशांच्या आधी पाइप बघावे लागतात. तेही गुडघ्यांवर बसून, टाकीखालच्या कपाटात डोकं घालून.

पुण्याच्या बोहरी आळीत काका पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह घ्यायला जातात. भारी माल म्हणून दुकानदार पितळी काढतो.

"नको. त्यात तांबं असतं."

"काका, आयुष्यभर टिकेल!"

"कुणाच्या?"

काकांच्या टाकीत लाल चेरी कोळंब्या आहेत, जेमतेम इंचभर लांबीच्या. पाण्यात उतरलेलं तांबं माशांना एक वेळ सोसतं, कोळंबीला नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, म्हणून पितळ बाद. जस्तही कोळंबीला बाधतं आणि जीआय पाइपावर जस्ताचा मुलामा, म्हणून तोही बाद. शेवटी प्लास्टिकचा व्हॉल्व्ह घेऊन काका विजयी मुद्रेने बाहेर पडतात आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून नुसतीच मान हलवतो.

घरातही तेच. पूजेचं ताम्हण टाकीजवळच्या फडताळावरून कधीच हद्दपार झालं. काकूंच्या तांब्याच्या हंड्याची रवानगी माळ्यावर झाली. सत्यनारायणाला गुरुजींनी पळी उचलून तीर्थ शिंपडायला सुरुवात केली, तेव्हा यजमान सोवळ्यातच धावले आणि टाकीवर पंचा टाकून आले. बारावीतल्या पुतणीने एकदा सांगितलं, "काका, कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं. आपल्याला लोह, तसं तिला तांबं." काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "अंगातलं वेगळं, अंगावर आलेलं वेगळं." हे शास्त्राला धरूनच होतं, म्हणून पुतणीला जास्त राग आला.

बाकी, माणूस कामाचा आहे. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी. माशांच्या टाकीला पांढरा यूपीव्हीसी पुरतो, हे त्यांनीच चार घरांना सांगून पैसे वाचवले. काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन लावले की पाण्याचा जोर कमी अडतो, हेही त्यांचंच. वीज गेली की पाणी वर चढवणारी मोटार थांबते, वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून उलटं खाली येतं आणि कपाटातली खालची टाकी भरून दिवाणखान्यात तळं होतं. त्यावर उपाय म्हणजे वर पाणी नेणाऱ्या परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली एक बारीक भोक. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. त्या भोकात शेवाळ साचतं. दर रविवारी विझलेल्या उदबत्तीच्या काडीने ते साफ करताना काकांचा चेहरा असा असतो, की हाक मारवत नाही.

चेरी कोळंबी जगते वर्ष-दोन वर्षं. पाइप टिकणार पन्नास. काका सत्तरीला आलेत. हा हिशेब काकूंनी एकदा त्यांच्यासमोर मांडला तेव्हा ते काही बोलले नाहीत. आठवडाभरात त्यांनी मोटारीच्या दोन्ही बाजूंचे सांधे कापून तिथे युनियन बसवले. आता करवत न लावता मोटार हाताने सुटी होते. मार्करने मराठीत क्रमही लिहिलाय: मोटारीच्या बटणावर १, खालच्या व्हॉल्व्हवर २, वरच्यावर ३.

महिन्यातून एकदा काकूंची उजळणी होते. मागच्या खेपेला त्यांनी ३ आधी फिरवला. काकांनी पाच गुण कापले आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. काकूंनी केलंही, पण चहा झाल्यावर.