स्प्रिंग कापणाऱ्या उस्तादांस, सविनय

इंदूर

आदरणीय उस्तादजींस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले. आमचा भाचा आपल्या गॅरेजात येऊन एवढंच म्हणाला होता, ‘वळणावर गाडी फार झुकते.’ आपण बुश पाहिले नाहीत, टायरची हवा मोजली नाही, शॉकअप गळतोय का तेही बघितलं नाही. थेट ग्राइंडर उचललात. काय हा आत्मविश्वास!

इथून जवळच पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आहे. ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, शिवाय हँडलिंगच्या चाचण्यांसाठी वेगळा. स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी जुळवायला इंजिनिअर मंडळी तिथे घाम गाळतात. आपण तेच काम एका दुपारीत उरकलंत. त्या बिचाऱ्यांना आपला पत्ता देऊ का?

वेटोळं कापलं की स्प्रिंग कडक होते, हे आपलं म्हणणं अगदी खरं. तिची चाल आखूड होते आणि जुन्या शॉकअपला तो कडकपणा आवरत नाही, एवढंच सांगायचं आपण टाळलंत. गिऱ्हाइकाच्या डोक्याला ताप नको, नाही का?

आता खड्डा आला की गाडी बम्प स्टॉपवर आदळते आणि चाक रस्ता सोडतं. जॅक लावला की स्प्रिंग आपल्या बैठकीत खुळखुळते. कापलेलं टोक निळं पडलंय. टायर बाहेरून नवाकोरा दिसतो, पण आतल्या बाजूला हात घातला तर तारा बोटाला टोचतात. अलाइनमेंटचे पैसे वाचवून दिलेत, हे उपकार कसे फेडावेत?

कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. एका बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तेही मालकाला. तोही मान आपण भाच्यालाच दिलात.

याच गाडीतून तो खंडवा रोडच्या भेरू घाटातून पावसात घरी येतो. मागच्या सीटवर त्याची लेक झोपलेली असते, उस्ताद.

एक कृपा करा. पुढच्या गिऱ्हाइकाचे बुश, लिंक रॉड, शॉकअप, टायर आधी तपासा. गाडी बसकी करायचीच असेल, तर एकमेकांसाठी बनवलेले स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनं बसवा, आणि अलाइनमेंट झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

नव्या चार स्प्रिंगांचं बिल सोबत जोडलं आहे. रोख दिलेत तरी चालेल.

कळावे. लोभ होता तेवढा पुरे.

आपला ऋणी,
गाडीवाल्याचा मामा