जावयानं नेलं स्मशानात

"ऐकलंत का काकू? आमच्या जावईबापूंनी लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी पोरीला फिरायला कुठं न्यावं? स्मशानात!"

काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. कुंपणाला टेकत त्या म्हणाल्या, "अगं बाई! कुणी गेलंबिलं का त्यांच्यात?"

"गेलेत, पण अडीच-तीन हजार वर्षांमागं. नागपूरहून काटोल रस्त्यानं जाताना जुनापाणी लागतं. तिथं माळावर मोठाले काळे धोंडे गोल मांडलेत. असे गोल तीनशेच्या आसपास! आत माणसं पुरायचे म्हणे. काही धोंड्यांवर अंगठा टेकेल एवढ्या खळ्या आहेत, ओळीनं कोरलेल्या. पोरीनं बोट घालून पाहिलं एकीत."

"शिवायचं कशाला असल्याला?"

"तेच तर! घरी आल्यावर विहीणबाई दारातच आडव्या. आधी अंघोळी करा, मग उंबरा ओलांडा."

"शहाणी बाई. पुढं?"

"जवळच माहुरझरी आहे. १९७०च्या सुमाराला नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी तिथं खोदलं, तर माणसाबरोबर घोडा पुरलेला. घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज."

"साजासकट? आणि पोरं गप बसली?" काकूंचा आवाज चढला. "आमच्या भावकीत म्हातारा गेला तर तेराव्याच्या आधी बैलांची वाटणी झाली."

यावर मी काय बोलणार? निम्मं शिरवळ त्या भावकीतलं, आणि आमच्या ओळखीचं.

"काही म्हण, एवढे धोंडे हलवायचे म्हणजे पांडवांचंच काम."

"आपल्या शिरवळचा पांडवदराही तुम्ही पांडवांनाच देता काकू. बौद्ध भिक्खूंची लेणी ती. आत स्तूप आहे की!"

"असंल. वनवासात भाड्यानं घेतली असतील."

हसू आवरून मी आयर्लंडचं काढलं. जावई एकदा बोलायला लागले की थेट तिकडंच पोचतात. तिथल्या केरी परगण्यात डोंगरावर असंच एक दगडी थडगं, चारेक हजार वर्षांचं. नाव 'सूर्याची वेदी'. १८३८ साली एका बाईनं त्याचं चित्र काढलं. पुढं १८५२ला एकानं लिहून ठेवलं की लोकांनी दगड फोडून नेले, आता तिथं काही नाही. सगळ्यांनी विश्वास ठेवला. २०२४मध्ये बातमी आली की एक अभ्यासक डोंगर चढला, तर वरचा झाकणाचा धोंडा आणि काही उभे दगड तिथंच!

"म्हणजे पावणेदोनशे वर्षं कुणी वर जाऊन बघितलंच नाही?"

"कागदावर होतं ना, नाही म्हणून."

"आमच्या ह्यांच्या पेन्शनीचंही तसंच," काकू म्हणाल्या. "कागदावर मयत दाखवलेत. मी सांगते, अहो, हे बघा, आत चहा पितायत. साहेब म्हणतो, हयातीचा दाखला आणा." मग घराकडं वळून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या! इथं तीन हजार वर्षांची माणसं सापडलीत, तुमचं कुठं अडलंय?"