आधी केबल बघा

प्रस्तुत लेखकाच्या हातात कोणी बिघडलेला लॅपटॉप ठेवला की त्याचा आवाज आपोआप अर्धी पट्टी खाली उतरतो. ‘कधीपासून होतंय हे?’ मग, ‘आधी कोणाला दाखवलं होतं?’ उत्तर काहीही आलं तरी तो ‘हं’ म्हणतो आणि चष्मा कपाळावर सरकवतो. घराण्यात कोणी डॉक्टर झालं नाही, याची भरपाई त्याने लिनक्समधून करून घेतली आहे. फी मात्र कोणी देत नाही.

तपासणी नेहमी टर्मिनलमध्येच होते, मग काम सेटिंग्जमध्ये दोन क्लिकचं का असेना. क्लिक तर कोणीही करतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर सरकू लागली की मागे उभी असलेली मंडळी गप्प होतात, आणि ही शांतता प्रस्तुत लेखकाला फार प्रिय आहे. त्यासाठी त्याची ठेवणीतली कमांड म्हणजे ‘डीमेसेज’. मशीन सुरू झाल्यापासून कर्नलने काय पाहिलं आणि काय सोसलं, त्याची ही रोजनिशी. तिच्यात हटकून एखादी ओळ लाल असते, ‘एसीपीआय बायॉस एरर’ असं काहीतरी तिथे लिहिलेलं असतं, आणि मागून कोणीतरी धास्तावून विचारतं, ‘अहो, ते लाल काय आहे?’

‘ते असू दे,’ एवढंच तो म्हणतो. बायॉसमधले तक्ते बनवणाऱ्यांनीच ढिसाळपणे भरलेले असतात, त्यामुळे ठणठणीत लॅपटॉपवरही अशा ओळी उमटतात, हे तो सांगत नाही. ‘ते असू दे’मधला रुबाब खुलाशात राहत नाही.

वायफायचं दुखणं घेऊन येणारे सर्वांत जास्त. त्यातही जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप निघाली की प्रस्तुत लेखकाचा चेहरा खुलतो. या चिपांपैकी कित्येकांना चालायला जे फर्मवेअर लागतं, ते परवान्याच्या अडचणीमुळे बऱ्याच डिस्ट्रोंच्या इन्स्टॉलरमध्ये घालता येत नाही. ते इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं. आणि इंटरनेट त्या चिपशिवाय नाही. माणूस या विहिरीत पुरता उतरला की लेखक खिशातून फोन काढतो, केबलने लॅपटॉपला जोडतो आणि यूएसबी टेदरिंग चालू करतो. काही सेकंदांत नेट हजर! लोक थक्क होतात, आणि तो असा उभा राहतो की जणू केबल त्यानेच शोधली.

घड्याळाचा घोटाळाही असाच लोकप्रिय. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या भाच्याचा फोन येतो, ‘मामा, विंडोजमध्ये सकाळचे साडेतीन वाजलेत, आणि माझा नऊचा क्लास सुरू झालाय.’ मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची. भारतात दोघांच्या भांडणात बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. ‘टाइमडेटसीटीएल’ला एका ओळीत सांगून लिनक्सला नमतं घ्यायला लावता येतं. मामा मात्र फोनवर आधी रेखांश समजावतो.

पण घड्याळ थेट काही वर्षं मागे गेलं असेल, तर भानगड वेगळी. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा रुपयाएवढा सेल संपलेला असतो. तारीखच चुकल्यामुळे ब्राउझरला प्रत्येक वेबसाइटचं प्रमाणपत्र संशयास्पद वाटू लागतं, अपडेट अडतात, आणि दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. सेल बदलला की सगळं सुरळीत. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो कोणत्याही दुकानात मिळतो. ही टिप लेखकाला मनातून आवडत नाही, कारण तिच्यात टर्मिनलला कामच नाही.

खोडरबराचंही तेच. मशीन चालू होत नाही, नुसतं बीप बीप करतं, तेव्हा रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, भुगा झटकायचा आणि पट्टी खटकन आवाज येईपर्यंत परत बसवायची. हा उपाय इतका लागू पडतो की त्याचा रागच यावा. आवाज येत नसेल तर ‘अल्सामिक्सर’ उघडून मास्टरखाली ‘एमएम’ दिसतंय का बघायचं. दिसलं, तर आवाज फक्त बंद केलेला असतो. एम दाबला की सुटला. आणि सगळ्याच्या आधी केबल बघायची. केबल बघण्याला प्रस्तुत लेखक ‘फिजिकल लेयर तपासणं’ म्हणतो.

मशीन पार गोठलं, माउस हलेना, की मात्र त्याच्यातला पुरोहित जागा होतो. आल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धरायचं आणि सावकाश एकेक अक्षर: आर, ई, आय, एस, यू, बी. कीबोर्ड ताब्यात घे, प्रोग्रामांना बंद व्हायची विनंती कर, न ऐकणाऱ्यांना मार, डेटा डिस्कवर लिहून टाक, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, रीबूट कर. वस्तुस्थिती अशी की उबुंटूमध्ये या सोयीची मूळ सेटिंग १७६ असते आणि तीत फक्त शेवटच्या तीन अक्षरांना परवानगी आहे. पहिली तीन काहीच करत नाहीत. लेखकाला हे ठाऊक आहे. तरी तो सहाही अक्षरं म्हणतो, कारण अर्ध्यावरून सुरू केलेल्या मंत्राने बघणाऱ्यांचं समाधान होत नाही.

कमांडींची भीती त्यालाही आहे, फक्त तो ती दाखवत नाही. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘यूएसआर’नंतर चुकून एक मोकळी जागा पडली. लॅपटॉपमधली दोन ग्राफिक्स कार्डं गुण्यागोविंदाने नांदावीत म्हणून केलेल्या त्या स्क्रिप्टने लोकांचं अख्खं ‘यूएसआर’ फोल्डर पुसून टाकलं. एका स्पेसबारचं काम! २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध कॅनेडियन यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजमध्ये गोंधळ होता. मशीनने सविस्तर इशारा दिला आणि पुढे जायचंच असेल तर ‘येस, डू ॲज आय से’ असं पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्यांनी केलं. डेस्कटॉप गेला. इतकी आज्ञाधारक यंत्रणा दुसरीकडे मिळणं कठीण, असं लेखक तेव्हापासून सर्वांना सांगतो.

आता प्रिंटर.

हा विषय निघाला की ओळखीचे लोक घड्याळाकडे बघू लागतात, कारण प्रस्तुत लेखक प्रिंटरची गोष्ट १९८० पासून सुरू करतो. अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला त्या सुमारास झेरॉक्स कंपनीने एक नवा लेझर प्रिंटर भेट दिला होता. यंत्र झकास, पण कागद अडकायचा. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या मजल्यांवर. जिना उतरून जावं तर यंत्र गप्प उभं आणि छपाई तिथल्या तिथे. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर होते. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी असा सुधारला होता की कागद अडकला की वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. कोणीतरी उठून जायचं, कागद ओढायचं, काम पुढे. नव्या यंत्रातही तेच करू म्हटलं, तर त्याचा सोर्स कोड कंपनीने दिलेलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता. स्टॉलमन त्यांना जाऊन भेटले. ‘देणार नाही, तसं वचन दिलंय,’ असं उत्तर मिळालं. माणूस चडफडत परतला, आणि ती चडफड पुरी मुरल्यावर सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम. तिला कर्नल तेवढा हवा होता. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लायनस टोरवाल्ड्सने तो लिहायला घेतला. तोच लिनक्स.

इथे लेखक एक दम घेतो. ‘म्हणजे बघा,’ तो म्हणतो, ‘अडकलेल्या कागदाच्या रागातून हे सगळं उभं राहिलं. आज जगातले पाचशे अव्वल महासंगणक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स आहे. तुमच्या खिशात आहे!’ समोरचा खिसा चाचपतो. ‘आणि प्रिंटर?’

प्रिंटर चालत नाही.

सगळेच नाहीत असं नव्हे. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली कप्स ही छपाई यंत्रणा १९९९ पासून आहे, २००७ मध्ये ॲपलने ती विकत घेतली, आणि आजचे बरेच नेटवर्क प्रिंटर लिनक्स ड्रायव्हरशिवाय आपणहून ओळखतं. पण लेखकाच्या सोसायटीने घेतलेला छोटा लेझर प्रिंटर त्यातला नाही. नाव घेत नाही, पण कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांच्या टेबलावर तो हमखास असतो. त्याची भाषा त्याच्या कंपनीची खाजगी. लिनक्स म्हणतं, छपाई पूर्ण झाली. प्रिंटरचा दिवा लुकलुकतो. कागद येत नाही.

आणि इथे मात्र विनोद करण्याची इच्छा उरत नाही. पैसे मोजले, बिल फाइलला लावलं, वस्तू आपल्या टेबलावर आहे. तरी तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं हे विकणारा सांगणार नाही. चार दशकांपूर्वी एका माणसाला याच गोष्टीचा राग आला होता, आणि तो राग अजून शिळा झालेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. ज्या मशीनचा पंखा नीट फिरतो, कीबोर्डचं एकही बटण निखळलेलं नाही, ते कोणाच्या तरी यादीत नाही म्हणून भंगारात जातं, तेव्हा लेखकाला अंगावरचा धडका सदरा टाकून दिल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा लॅपटॉप असाच भंगारात निघाला होता. काकू निवृत्त शिक्षिका आणि सोसायटीच्या सेक्रेटरी. लेखकाने जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, मशीनवर लिनक्स टाकलं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडून दिला. मशीन धावू लागलं. अशा दुरुस्तीनंतर आपल्याला आठवड्यातून दोनदा तरी बोलावणं येईल, असा त्याचा हिशोब होता. बोलावणं येईना. शेवटी वाटी परत करायच्या निमित्ताने तो स्वतःच गेला.

टेबलावर शंभर पानी वही होती, मुखपृष्ठावर ‘संगणक’. आत शिक्षिकेचं वळणदार अक्षर. ‘नेट गेल्यास: प्रथम डाव्या कडेचं बारीक बटण पाहणे.’ लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बटण होतं. ते चुकून सरकलं की लिनक्स त्याला ‘हार्ड ब्लॉक्ड’ म्हणतं आणि कोणतीही कमांड त्यापुढे चालत नाही. लेखकाने हे निदान ‘आरएफकिल’ वापरून, मोठ्या गांभीर्याने केलं होतं. काकूंनी त्यातलं बटण तेवढं ठेवून बाकीचं गाळलं होतं. खाली: ‘सुडो आप्ट अपडेट. पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाहीत. घाबरू नये. पडतात.’

ती शेवटची तीन वाक्यं लेखकाने पुन्हा वाचली. नव्या माणसाला सांगायचं म्हणून तो आजवर पासवर्डबद्दल जे बोलत आला होता, ते ऐकायला पाऊण तास लागायचा.

‘अरे, बरा आलास,’ काकू आतून म्हणाल्या. ‘उद्या टाकी धुवायचीय, नोटीस लावायला हवी. तो प्रिंटर तुझ्या लिनक्सवर का रे चालत नाही?’

प्रस्तुत लेखक खुर्ची ओढून बसला. ‘त्याचं असं आहे काकू, १९८० च्या सुमारास अमेरिकेत...’

काकूंनी लॅपटॉपचा पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला आणि चपला पायात सरकवल्या. ‘तू बस. चहा झालाय, गाळून घे. मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती काढून आणते.’