कुणाला सांगू नका

आमची पेढी लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन घेते आणि कुठवर घ्यायचं याचा हुकूम नांदेडहून, मालकांकडून येतो. गेल्या हंगामात हा हुकूम फुटू लागला. सौदा निघायच्या आधीच शेजारच्या खरेदीदाराला आमचा आकडा तोंडपाठ! मालकांचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटर शिकतो. त्यानं तिथूनच निदान केलं : व्हॉट्सॲप. आणि सल्ला दिला : ते सोडा, सिग्नल ॲप घ्या. वास्तविक व्हॉट्सॲपवरचे निरोपही 2016 पासून कुलूपबंद जातात, आणि ते कुलूप सिग्नलवाल्यांच्याच घडणीचं आहे. पण पुण्याहून आलेल्या सल्ल्याला आडवं कोण जाणार? सिग्नल आलं.

त्यात साठ अंकांचा एक सुरक्षा क्रमांक असतो. दोन्ही फोनवर तो सारखाच दिसला, तर मध्ये कुणी तिसरा बसलेला नाही म्हणायचं. समोरासमोर फोन धरले की क्षणात काम होतं. पण त्यासाठी नांदेड-लातूर डिझेल जाळायला मालक तयार नव्हते. "फोनवर वाचून घ्या," म्हणाले. मुनीमकाकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. पाच-पाच अंकांचे बारा गट, आणि काका प्रत्येक गट रकमेसारखा वाचणार. "सदतीस हजार चारशे नव्वद... पुढं आठशे बारा."

"आठशे बारा नाही काका, आधी दोन शून्यं आहेत."

"पुढल्या शून्याला काय किंमत असती का मालक?"

दारात हमाल जमले. "कुणाची पट्टी निघायली काका एवढी मोठी?" मालकांनी घाबरून दार लावायला लावलं. गंमत अशी की, हा क्रमांक गुपित नसतोच. चौकात लाउडस्पीकर लावून वाचला तरी कुणाचं काही बिघडत नाही. आमच्या पेढीत बंद दाराआड वाचली गेलेली ती एकमेव गोष्ट.

खरा हुकूम दुसऱ्या दिवशी सकाळी आला, मालकांच्या आवाजात. काकांनी फोन पायरीवर ठेवला, आवाज पूर्ण चढवला आणि अख्ख्या ओळीनं ऐकलं : "पंचेचाळीसशेच्या वर जायचं नाही, आणि हे कुणाला कळता कामा नये." चहावाल्या पोऱ्यानं मान डोलावली.

निरोप तासाभरानं आपोआप पुसला जावा, अशीही सोय मुलानं करून दिली होती. काकांना ती अजिबात पटली नाही. व्यवहाराचा कागद आपोआप नाहीसा होतो म्हणजे काय? तेव्हापासून आलेला प्रत्येक निरोप ते लाल वहीत, तारीख-वेळेसह, ठसठशीत अक्षरात उतरवून घेतात. वही गादीवर उघडीच असते.

बिचाऱ्या सिग्नलला तरी काय बोल लावणार? 2016 साली अमेरिकेत कोर्टाचं फर्मान आलं, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं. बाकी त्यांच्याकडे काही नव्हतंच. आमच्या चहावाल्या पोऱ्याला फर्मान गेलं, तर तो तीन हंगामांचे भाव सांगेल. तरी मी काकांना फार दोष देत नाही. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या बड्या मंत्र्यांनी येमेनवरच्या हल्ल्याचा बेत सिग्नलच्याच ग्रुपवर शिजवला आणि त्या ग्रुपमध्ये 'द अटलांटिक'चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांनाही घेऊन बसले. चुकून! कुलूप शाबूत, किल्ली संपादकाच्या खिशात. आमच्याकडे निदान वार्ताहर तरी नव्हता.

परवा माळेगावच्या यात्रेला मालकांबरोबर गेलो होतो. खंडोबाची ही यात्रा लोहा तालुक्यात, आमच्या नांदेड-लातूर रस्त्यावरच भरते. तिथला जनावरांचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात कापडाआड, बोटं दाबून भाव ठरतो, चेहऱ्यावर रेघ हलत नाही, आणि खेटून उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. ना सर्व्हर, ना स्क्रीनशॉट. मालक अर्धा तास एका घोड्याच्या सौद्याकडे डोळे लावून उभे होते. "बघ, याला म्हणतात गुप्तता," मला म्हणाले.

तेवढ्यात सौदा पटला. घोडेवाल्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला, आमच्याकडे वळला आणि शेजारच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लाख सांगितले होते, नव्वदला सोडला बघा मालक. कुणाला सांगू नका."