तारीख बिघडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुंबई-नाशिक महामार्गावरून भिवंडीकडे वळलं की माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशी गावं लागतात आणि प्रत्येक गावात घरांपेक्षा मोठी गोदामं दिसतात. त्यांत बिस्किटं असतात, औषधं असतात, मोबाइल, फ्रिज, लहान मुलांचे कपडे असतात. प्रत्येक खोक्याच्या नशिबी निदान तीन तारखा येतात: बनल्याची, आल्याची आणि मरणाची. खोकं हरवलं तर सीसीटीव्ही पाहता येतो, सिक्युरिटीवाल्याला झापता येतं. तारीख हरवली तर कुणालाच झापता येत नाही, कारण ती हरवल्याचं कळतच नाही. हे कळू न देण्याचं कसब पुष्कळांना जन्मतःच लाभलेलं असतं. ज्यांना ते लाभलेलं नाही, विशेषतः ‘माझ्या भाच्याला कॉम्प्युटर येतो’ या एका शिफारशीवर शेठच्या गोदामाचं सॉफ्टवेअर लिहायला बसलेल्या होतकरू भाच्यांना, पुढील मार्गदर्शन उपयोगी पडावं.

पहिला धडा क्रमाचा. कंपनीकडून आलेल्या फाइलीत ०३/०४/२०२५ असं लिहिलेलं असतं. हा ३ एप्रिल की ४ मार्च, हे कुणालाही विचारू नये. विचारल्यास उत्तर मिळण्याचा धोका असतो. गोदामातल्या लॅपटॉपची भाषा आणि प्रदेशाची सेटिंग अमेरिकेची असेल, तर तिला हात लावू नये. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, म्हणून हा लॅपटॉप भिवंडीत बसून ३ एप्रिलला ४ मार्च म्हणेल आणि चेहऱ्यावरची रेषही हलू देणार नाही.

येथे थोडं गणित आवश्यक आहे. वर्षाच्या ३६५ तारखांपैकी १४४ तारखांत दिवसाचा आकडा बारा किंवा त्याहून कमी असतो. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलटसुलट केल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप दुसऱ्याच तारखा होतात. बाकीच्या २२१ मात्र बोंब मारतात, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नाही. एक्सेलमध्ये या २२१ तारखा मजकूर म्हणून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटतात आणि चुकीच्या वाचलेल्या १३२ मात्र खऱ्या तारखांसारख्या उजवीकडे ऐटीत उभ्या राहतात. म्हणजे डावीकडच्या तारखा खऱ्या आणि उजवीकडच्या खोट्या. हुशार सुपरवायझरला हे पाहून संशय येऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून संपूर्ण रकाना निवडून मध्यभागी आणावा. दिसायलाही बरं दिसतं.

सॉफ्टवेअरची चाचणी शेठसमोर घ्यायची वेळ आली, तर ती ५ मे, ६ जून किंवा ७ जुलैला ठेवावी. या दिवशी कोणतंही सॉफ्टवेअर पास होतं.

औषधं आणि खाऊच्या खोक्यांवर बरेचदा फक्त महिना आणि वर्ष असतं. ०८/२६ चा अर्थ माल ऑगस्ट २०२६ संपेपर्यंत चालेल असा असतो. भारतीय सेटिंगच्या एक्सेलमध्ये हे टाइप केलं की तो त्याची १ ऑगस्ट २०२६ करतो आणि चांगला माल महिनाभर आधीच बाद होतो. पण खरी मौज ०८/१२ मध्ये. २०१२ चा माल कोण ठेवील, असं एक्सेलला वाटतं की काय कोण जाणे. तो त्याची चालू वर्षातली ८ डिसेंबर करून मोकळा होतो. म्हणजे एकाच रकान्यात एका ओळीचा दुसरा आकडा वर्ष ठरतो आणि दुसऱ्या ओळीचा महिना. इतकी समदृष्टी संतांकडेही आढळत नाही.

लहान मुलांच्या कपड्यांचा धंदा करणाऱ्यांना याची वेगळी प्रचीती येते. फ्रॉकचा साइज ‘४-५’ म्हणजे चार ते पाच वर्षं. एक्सेल त्याची ४ मे करतो, ‘६-७’ ची ६ जुलै. मग ‘६ जुलै’ साइजचे तीनशे फ्रॉक कुठल्या रॅकवर ठेवायचे, हा प्रश्न मुकादमावर सोपवावा. यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. जगभरातल्या जीवशास्त्रज्ञांनी या सवयीपुढे हात टेकले आहेत. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करी. अखेर २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल तेव्हा होता तिथेच राहिला.

जीएसटीच्या विवरणपत्रात कालावधी ‘०४२०२५’ असा सहा आकडी लागतो, म्हणजे एप्रिल २०२५. तो एक्सेलमध्ये नेऊन आणावा. सुरुवातीचं शून्य गळून ४२०२५ उरतं. मग कुणीतरी उत्साहाने त्या खान्याला तारखेचं रूप दिलं की समोर २१ जानेवारी २०१५ उभी राहते, कारण एक्सेल १९०० च्या आरंभापासून दिवस मोजतो आणि ४२०२५ वा दिवस हाच येतो. (या मोजणीत त्याने २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरला आहे. ही चूक लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामची. त्याच्याशी जुळवून घ्यायचं म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली आणि आजतागायत जपली.) जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. त्याच्या अडीच वर्षं आधीचं विवरणपत्र भरणारा व्यापारी कर्तव्यदक्षच म्हणायला हवा.

आता अक्षरओळख. जावा या भाषेत तारखेचा साचा अक्षरांनी सांगावा लागतो आणि तिथे धाकटं-थोरलं कडक पाळतात. थोरला एम म्हणजे महिना, धाकटा एम म्हणजे मिनिट. धाकटा डी म्हणजे महिन्यातला दिवस, थोरला डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस. भाच्याने महिन्याच्या जागी धाकटा एम वापरावा. जावाचा जुना वाचक मग २०२५-०४-०३ मधला ०४ मिनिटं म्हणून घेतो, महिना सापडला नाही म्हणून जानेवारी धरतो आणि ३ एप्रिलचा माल ३ जानेवारीच्या मध्यरात्री बारा वाजून चार मिनिटांनी जमा करतो. यातली खुबी अशी की तोच साचा छापायलाही वापरला तर पडद्यावर पुन्हा २०२५-०४-०३ असंच दिसतं. महिन्याच्या जागी मिनिटं छापली जातात आणि मिनिटं चारच असतात. पडद्यावर सगळं आलबेल आणि पोटात वर्षभराचा माल जानेवारीत साठलेला. ज्या दिवशी शेठ ‘एप्रिलची आवक दाखव’ म्हणतील, त्या दिवशी भाच्याने रजेवर असावं.

थोरल्या वायची कथा याहून वरच्या दर्जाची. धाकटा वाय साधं वर्ष देतो. थोरला वाय देतो तो आठवडा ज्या वर्षाचा समजला जातो ते वर्ष. जवळजवळ वर्षभर दोघांत फरक दिसत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दोन-चार दिवसांत थोरला वाय हळूच पुढच्या वर्षात पाऊल टाकतो. २९ डिसेंबर २०१४ ला ट्विटरच्या सर्व्हरांना ती तारीख २९ डिसेंबर २०१५ वाटली आणि अँड्रॉइडवरचे असंख्य लोक बाहेर फेकले गेले. राहनाळच्या गोदामाने या बाबतीत सॅन फ्रान्सिस्कोशी बरोबरी करायला काहीच हरकत नाही.

मराठी बाणा असलेल्यांसाठी एक खास तरतूद. ब्राउझरला ‘मराठी, भारत’ अशी तारीख मागितली की तो १/४/२०२५ अशी चक्क देवनागरी आकड्यांत देतो. ती अभिमानाने पडद्यावर दाखवावी आणि मग तोच मजकूर परत वाचून हिशोबाला घ्यावा. पायथॉनला देवनागरी २०२५ ही संख्या म्हणून कळते. जावास्क्रिप्टला कळत नाही. ‘ही संख्या नव्हे’ असा शेरा मारून ते गप्प बसतं.

एवढं जमलं की साडेपाच तासांकडे वळावं. आपली प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि पूर्ण तासांत न बसणारी ही वेळ भाच्यांसाठी वरदान आहे. १ एप्रिलचं बिल फाडताना पडद्यावर तारीख निवडली की जावास्क्रिप्ट ती १ एप्रिलची मध्यरात्र धरतं. ती जागतिक वेळेत पाठवली की ३१ मार्च, १८:३० होते. सर्व्हरवर तिची पहिली दहा अक्षरं कापून ठेवावीत. नव्या आर्थिक वर्षाचं पहिलं बिल जुन्या वर्षात गेलं! जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकदाच यावा लागतो. नवा १ क्रमांक मागच्या एप्रिलमधल्या १ क्रमांकाशेजारी जाऊन बसतो आणि सीएच्या ऑफिसातून फोन येतो.

‘आयएसटी’ ही तीन अक्षरं पुरेशी आहेत असंही मानावं. पोस्टग्रेस हा डेटाबेस स्वतःहून त्यांचा अर्थ इस्रायलची वेळ असा लावतो. साडेतीन तासांचा फरक. पूर्ण नाव द्यायचं तर ‘एशिया/कोलकाता’ द्यावं लागतं. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ आल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी तिला विरोध केला होता आणि शहराने आपली ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ पुढे चार दशकांहून अधिक काळ धरून ठेवली. त्या मुंबईच्या वेशीवरची घड्याळं आता संगणकात कोलकात्याच्या नावाने चालतात. रिकामी तारीख भरायला १ जानेवारी १९०० वापरणाऱ्याला आणखी एक मुक्काम घडतो. वेळांच्या जागतिक नोंदवहीत कोलकात्याच्या नावाखाली १९०६ पूर्वी मद्रासची वेळ आहे, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. त्यामुळे रिकामा खाना ३१ डिसेंबर १८९९, १८ वाजून ३८ मिनिटं ५० सेकंद असा छापला जातो. ऑडिटरने विचारल्यास मद्रासमार्गे आला असं सांगावं, ते खरंच आहे.

भिवंडीचं खरं आयुष्य मात्र मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे चालतं. इथले यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. रात्री आठला लागून सकाळी आठला सुटणाऱ्या कारागिराचे तास काढायला आठातून वीस वजा करावेत. उत्तर उणे बारा येतं आणि एक्सेल उणे वेळ दाखवत नाही, म्हणून रात्रभर मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या नावापुढे ##### असं उमटतं. साप्ताहिक सुट्टीचीही अशीच वासलात लावता येते. एक्सेलचं कामाचे दिवस मोजणारं सूत्र मुळात शनिवार-रविवार वगळतं; मागांची सुट्टी रूढीने शुक्रवारची. फक्त शुक्रवार वगळायची सोय त्यात आहे, १६ हा आकडा द्यावा लागतो. तो कुणाला सांगू नये.

ई-वे बिलाच्या बाबतीत तर सरकारनेच निम्मं काम केलं आहे. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे १४ मार्चला रात्री १२:०४ ला काढलेलं बिल आणि त्याच तारखेला रात्री ११:५८ ला काढलेलं बिल, दोन्हींचा पहिला दिवस १५ आणि १६ मार्चमधल्या मध्यरात्री संपतो. भाच्याने यात ‘चोवीस तास’ मिळवून मुदत काढावी आणि तास दाखवायला धाकटा एच वापरून सकाळ-संध्याकाळ गाळावी, म्हणजे दुपारचे १२:०४ आणि रात्रीचे १२:०४ एकसारखे दिसतील. मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास वाढवून घेता येते. ती वेळ कोणती हेच कळलं नाही तर ट्रक चेकपोस्टवर उभा आणि ड्रायव्हरचा फोन स्विच ऑफ.

काही मंडळी या सगळ्यावर पाणी फिरवतात. ती तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहितात, जशी आयएसओ ८६०१ आणि तिचं भारतीय रूप आयएस ७९०० सांगतं. वेळेसोबत ‘+०५:३०’ जोडतात. बिलाची तारीख आणि घडल्याचा क्षण या दोन वेगळ्या गोष्टी समजून वेगळ्या ठेवतात. साचा एकच मान्य करतात आणि न जुळणारी फाइल अंदाज न लावता कंपनीला परत पाठवतात. त्यांच्या गोदामात भांडणं फाइल येते त्याच दिवशी होतात, सहा महिन्यांनी ऑडिटच्या वेळी होत नाहीत. अशा लोकांना नोकरीवर ठेवण्यापूर्वी शेठने भाच्याचा विचार करावा.

शेवटी, दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणून मायएसक्यूएलमध्ये वेळ ‘टाइमस्टॅम्प’ या प्रकारात ठेवावी. तो प्रकार १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतो. ते सेकंद १९ जानेवारी २०३८, मंगळवारी, भिवंडीच्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांना संपतात. दहा वर्षांच्या वॉरंटीचा फ्रिज ज्यांच्या गोदामातून २०२८ च्या फेब्रुवारीत निघेल, त्यांच्या वॉरंटीची अखेरची तारीख त्या रकान्यात तेव्हाच मावणार नाही.