वाफेचा हिशेब : पळस्पे ते रत्नागिरी

गाडीच्या काचेवर वाफ धरली की निदानाचा पहिला प्रश्न एकच: वाफ आतून आहे की बाहेरून? काचेवर आतून बोट फिरवून रेघ उमटली तर आतून. वायपर एकदा फिरवल्यावर पुढचा टँकर दिसू लागला तर बाहेरून. चाचणीला पाच सेकंद पुरतात. गणपतीसाठी मुंबईहून रत्नागिरीला निघालेल्या गाडीत मात्र ती सहसा कोणी करत नाही, कारण तोवर पुढच्या सीटवरच्या काकांनी मानेवरचा नॅपकिन काढून पुसायला सुरुवात केलेली असते.

बाहेर पाऊस आहे म्हणून काचा धरतात, हे मागच्या सीटवरचे एकमुखी मत. पावसाचा त्यात वाटा आहे, पण अपराध प्रवाशांचा. हवेत किती बाष्प मावेल हे तापमानावर ठरते: २५ अंश सेल्सियसला एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. घरगुती मोटारीत साधारण तीन घनमीटर हवा असते. म्हणजे २५ अंशांना ती सत्तरेक ग्रॅम बाष्प सांभाळू शकते. भाद्रपदातली कोकणची हवा त्यातले नव्वद टक्के आधीच भरून आणते. उरते सात ग्रॅमची जागा. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला ४० ते ५० ग्रॅम पाणी सोडतो. पाच माणसे मिळून तासाला पेलाभर. काचा बंद असतील तर सात ग्रॅमची शिल्लक दोन मिनिटांत संपते. गाडी तेव्हा पळस्प्याच्या फाट्यावर सिग्नलला उभी असते. त्यातही हा आकडा स्वस्थ माणसाचा. महामार्गाच्या चौपदरीकरणाविषयी बोलणाऱ्या प्रवाशाला त्यात धरता येत नाही.

जागा संपली की जास्तीचे पाणी सर्वांत थंड पृष्ठभाग शोधते. पावसाचे पाणी ओघळून बाहेरून गार झालेली काच त्याला आयतीच सापडते. शिवाय सामान असते: निथळणाऱ्या छत्र्या, डिकीऐवजी पायाशी कोंबलेले रेनकोट, ओल्या फडक्यात गुंडाळलेली दुर्वा-फुले, आणि नागोठण्याच्या आसपास घेतलेले गरम वडे. वड्यांचा पुडा डॅशबोर्डवर ठेवला तर त्याच्या बरोबर वर काचेवर एक पांढरा गोल उमटतो. हे निदानातले सर्वांत सोपे प्रकरण. उपचारही गाडीतले सगळे आनंदाने करतात.

बाकीच्या प्रकरणांत आरोपी बहुधा एक बटण असते. गाडीचे चित्र आणि त्यात गोल वळलेला बाण, असे ते बटण दाबलेले असले की बाहेरची हवा आत येत नाही, आतलीच फिरत राहते. पनवेलच्या धुरात ते कोणीतरी दाबतो आणि विसरतो. त्यातच एसी बंद असला तर गाडी म्हणजे झाकण घातलेले पातेलेच. उपाय त्याच्या उलट: बाहेरची हवा चालू, एसी चालू, झोत काचेकडे, आणि हवा किंचित कोमट. एसीचा गारव्याशी संबंध सर्वांना ठाऊक असतो, कोरडेपणाशी कमी जणांना. त्याच्या थंड नळ्यांवर हवेतले पाणी जमते आणि गाडीखाली ठिबकते. पुढे येणारी हवा कोरडी असते. ती हीटरने कोमट केली तरी कोरडीच राहते. एसी आणि हीटर एकदम लावणे हा वेडेपणा नव्हे, पण हे घरच्यांना पटवणे भोस्ते घाटापेक्षा अवघड.

भोस्ते घाट मुद्दाम आठवला. खेडजवळचे भरणे नाका सोडून चढ लागला की दोन सूचना एकाच वेळी येतात. काका म्हणतात, "एसी बंद कर रे, इंजिनाला ओढवत नाही." मागून आवाज येतो, "अहो, बंदच करा, आईंना गारठा बाधतोय." एसी बंद होतो. थंड नळ्यांवर जमलेले पाणी आता खाली न ठिबकता पंख्याच्या वाऱ्याबरोबर पुन्हा आत येते, आणि ऐन वळणावर काच पांढरी होते. सगळे चालकाकडे पाहतात.

निवळीनंतर, हातखंब्याचा तिठा ओलांडून गाडी रत्नागिरीच्या दिशेला लागली की रोग बाजू बदलतो. किनाऱ्याजवळची रात्रीची हवा उबदार आणि बाष्पाने काठोकाठ भरलेली. पाऊस थांबलेला, एसीचा झोत मात्र अजून काचेवरच. थंड सोलकढीच्या पेल्याला घाम फुटतो तसा काचेला बाहेरून फुटतो. आतून नॅपकिन कितीही चालवला तरी काही होत नाही, यावरून काका नॅपकिन खराब असल्याचा निष्कर्ष काढतात. इथे वायपर फिरवायचा, झोत काचेवरून काढून पायाकडे वळवायचा आणि गारवा कमी करायचा. आतल्या वाफेवर लागू पडणारा एसीचा झोत इथे रोग वाढवतो, म्हणून बोटाची चाचणी आधी.

काही काचा मात्र सगळे नीट करूनही लवकर धरतात. त्यांच्यावर अत्तर, उदबत्ती, सीटच्या रेक्झिनमधून उडणारे तेलकट द्रव्य आणि वड्यांची बोटे यांचा थर असतो. बोटाचा तेलकट ठसा पुसल्यासारखा दिसला तरी जात नाही. मुलांनी मागच्या वर्षी काचेवर काढलेला गणपती पहिल्या वाफेसरशी सोंडेसकट परत प्रकटतो. साबणाच्या पाण्याने काच धुऊन कोरड्या फडक्याने पुसली की तो विसर्जित होतो. मोज्यात मीठ भरून डॅशबोर्डवर ठेवण्याचा तोडगाही सांगितला जातो. हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढू लागते, एवढे खरे. रत्नागिरीत पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच, त्यामुळे मीठ ओढत ओढत स्वतःच विरघळते आणि सकाळी डॅशबोर्डवर समुद्र असतो.

प्रवासी उतरले, सामान गेले, तरी उभ्या गाडीच्या काचा सकाळी आतून ओल्या असतील, तर पाणी गाडीतच मुरलेले आहे. मॅट उचलून गालिच्यावर वर्तमानपत्र दाबावे. पुढे डावीकडे ओल असेल तर एसीची निचऱ्याची नळी बहुधा चिखलाने तुंबलेली. गोडसर वास आणि काचेवर चिकट थर असेल तर हीटरमधून कूलंट गळते आहे, ते मेकॅनिकचे काम. गाडी हापूसच्या कलमाखाली उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीत हात घालावा. तिथे कुजलेल्या पानांचे खत तयार झालेले सापडते, पाण्याची वाट अडते आणि ते आत उतरते. दारांची रबरी बीडिंग आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा शेवटी पाहावा, कारण तिथले पाणी दिसत नाही, वळणावर फक्त ऐकू येते.

गळती बंद झाली तरी गालिच्याखालचा स्पंज भाद्रपदात गाडीत वाळत नाही. तो काढून पडवीत टाकावा लागतो, आणि परतीच्या प्रवासात त्या जागी नारळ ठेवले जातात. नारळाचे पाणी नारळातच राहत असल्याने काचांना त्याचा उपद्रव नाही.